घरचा नेब्युलायझर: वापरायचा कसा, धुवायचा कसा आणि मुख्य म्हणजे वाळवायचा कसा

नेब्युलायझर, म्हणजे पातळ औषधाचा बारीक फवारा करून तो श्वासातून देणारं मशीन, घरात आला की सगळ्यांचं लक्ष मशीनकडे असतं, आवाज किती करतं, वॉरंटी किती, गरम होतं का वगैरे. पण त्या डब्यात तसं फार काही नसतं, तो नुसता हवा ढकलणारा पंप आहे. खरी काळजी घ्यायची ती त्याच्या पुढे लागणाऱ्या छोट्या प्लास्टिकच्या कपाची, ज्यात आपण औषध ओततो. कारण त्यातून निघणारे थेंब १ ते ५ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इतके बारीक असतात, आणि एवढे बारीक थेंब नाकात घशात अडकत नाहीत, सरळ फुफ्फुसात खोलवर जातात. औषधासाठी हे छानच आहे, पण कपात जंतू वाढलेले असतील तर तेही ह्याच थेंबांबरोबर त्याच रस्त्याने आत जातात आणि तेही अशा माणसाच्या छातीत ज्याला आधीच त्रास आहे. म्हणून मी मशीनपेक्षा कपाबद्दलच जास्त बडबड करणार आहे, चालवून घ्या.

आधी आपल्याकडे कुठला प्रकार आहे ते बघा. बहुतेक घरांमध्ये कॉम्प्रेसरवाला असतो, म्हणजे घर्र आवाज करणारा डबा, त्यातून निघालेली नळी आणि नळीच्या टोकाला कप. दुसरा मेशवाला, हातात मावणारा, जवळजवळ आवाज न करणारा, ह्यात हजारो बारीक भोकांची एक जाळी असते आणि ती थरथरून औषधाचे थेंब करते. तिसरा अल्ट्रासॉनिक, आता कमी दिसतो, आणि त्यात ब्युडेसोनाईडसारखं औषध (श्वासनळ्यांची सूज कमी करणारं स्टेरॉईड) नीट उडत नाही कारण ते पाण्यात विरघळलेलं नसतं, त्याचे बारीक कण नुसते तरंगत असतात. तुमचं मशीन अल्ट्रासॉनिक असेल आणि डॉक्टरांनी ब्युडेसोनाईड लिहून दिलं असेल तर त्यांना हे नक्की सांगा, नाहीतर रोज औषध घेतल्यासारखं वाटेल आणि पोचणार फारसं काही नाही.

औषध ओतण्याआधी

औषध डॉक्टरांनी लिहून दिलेलंच आणि तेवढंच. हे सगळेच सांगतात म्हणून वाचणारा पुढे सरकतो, पण चुका नेमक्या कुठे होतात ते बघा. सालब्युटामॉलच्या (हे श्वासनळ्या उघडणारं औषध) तयार रेस्प्यूलमध्ये, म्हणजे एका डोसच्या छोट्या प्लास्टिकच्या कुपीत, साधारण २.५ मिलीमध्ये २.५ मिलीग्रॅम औषध असतं, ते तसंच पूर्ण ओतायचं. पण त्याच औषधाची बाटलीही मिळते, त्यात दर मिलीला ५ मिलीग्रॅम, म्हणजे पाचपट घट्ट औषध असतं, ते मोजून घ्यायचं आणि सलाईनमध्ये मिसळायचं असतं. रेस्प्यूलची सवय असलेल्या माणसाने बाटलीतून अंदाजे ओतलं की झाला घोळ. ब्युडेसोनाईडचंही तसंच, ०.५ आणि १ मिलीग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीच्या रेस्प्यूल दिसायला बऱ्याचदा सारख्या असतात, म्हणून नावाबरोबर आकडा आणि एक्सपायरी दोन्ही वाचायची, आणि रात्री झोपेत उठून देत असाल तर दिवा लावून वाचायची.

पातळ करायला सांगितलं असेल तर ०.९ टक्क्यांचं निर्जंतुक नॉर्मल सलाईन वापरा, शक्यतो छोट्या एकदाच वापरायच्या पॅकमधलं. नळाचं पाणी नाही, फिल्टरचं नाही, डिस्टिल्ड पाणी पण नाही. नळाच्या पाण्यात स्यूडोमोनास, लिजिओनेलासारखे जंतू असू शकतात, पिताना ते फारसं काही करत नाहीत पण छातीत गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. आणि नुसत्या बिनमिठाच्या पाण्याचा फवारा दमेकऱ्याला खोकला आणतो, श्वासनळ्या आवळतो. घरी मीठ कालवून केलेलं सलाईन हा तर विषयच नको. ३ टक्क्यांचं सलाईन हे वेगळं प्रकरण आहे, कफ सुटायला देतात, पण त्याने सुद्धा श्वासनळ्या आवळू शकतात म्हणून ते डॉक्टरांनी सांगितलं तरच.

आता जे कपात कधीच घालायचं नाही ते: निलगिरीचं तेल, कापूर, बाम, कुठलाही काढा, खोकल्याचं सिरप, इंजेक्शनची उरलेली बाटली आणि हायड्रोजन पेरॉक्साईड. लोक गरम पाण्याची वाफ आणि नेब्युलायझर एकच समजतात त्यातून हे होतं. इथे वाफ नसतेच, गार फवारा असतो आणि कपात जे घालाल ते जसंच्या तसं आत जातं. तेल फुफ्फुसात गेलं तर ते तिथून सहज बाहेर पडत नाही, त्यानेच एक वेगळ्या जातीचा न्यूमोनिया होतो. पेरॉक्साईडचे व्हिडिओ मधल्या काळात बरेच फिरले होते, त्यांच्या नादी लागू नका.

दोन औषधं एकत्र ओतायची का हे पण विचारून घ्या. सालब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम (तेही श्वासनळ्या उघडणारंच) बरेचदा एकत्र देतात, पण सगळीच औषधं एकमेकांत चालत नाहीत. वेगवेगळी द्यायची असतील तर सहसा क्रम असा असतो की आधी श्वासनळ्या उघडणारं औषध, मग कफ काढायचा असेल तर तो, आणि शेवटी ब्युडेसोनाईड किंवा अँटिबायोटिक, म्हणजे रस्ता मोकळा झाल्यावर ते खोलवर जातं.

प्रत्यक्ष घेताना

साबणाने हात धुवा आणि पुसून कोरडे करा, एक तर जंतूंसाठी आणि दुसरं म्हणजे ओल्या हाताने प्लग लावायचा नाही. मशीन टेबलावर किंवा कुठल्याही कडक सपाट जागी ठेवा. गादीवर ठेवलं की हवेची भोकं बंद होतात, मशीन तापतं, शिवाय चादरीची धूळ आत ओढली जाते. कपाच्या आत एक छोटा सुटा भाग असतो, शंकूसारखा, तो जागेवर आहे का बघा. धुताना हाच हरवतो आणि मग मशीन चालू असून फवारा का येत नाही म्हणून लोक मशीन दुरुस्तीला घेऊन जातात. औषध ओता, झाकण फिरवून बसवा, नळी दोन्ही टोकांना घट्ट लावा. एकूण औषध साधारण ३ ते ५ मिली असलं की कॉम्प्रेसरवाला कप नीट चालतो, त्याहून कमी असेल तर बराचसा भाग भिंतींना चिकटून तसाच राहतो, म्हणून तर सलाईन घालून वाढवायला सांगतात. पण कपावर जी वरची रेघ असते तिच्या पुढे भरू नका.

पेशंट ताठ बसलेला हवा. आडवं पडून घेतलं तर फुफ्फुसं नीट फुलत नाहीत आणि काही कप तिरके झाले की फवाराच बंद होतो. मोठ्या माणसाला आणि ज्याला जमतं अशा मुलाला मास्कपेक्षा माउथपीस, म्हणजे तोंडात धरायची छोटी नळी, बरा, कारण मास्कमध्ये बरंचसं औषध नाकात अडकतं आणि तोंडावर पसरतं. माउथपीस दातांमध्ये धरून ओठ बंद करायचे आणि तोंडाने नेहमीसारखा सावकाश श्वास घ्यायचा, मधून मधून एखादा खोल श्वास आणि दोन क्षण थांबून सोडायचा. सारखे जोरजोरात श्वास घेऊ नका, चक्कर येते. गप्पा, फोन, टीव्हीवरच्या मॅचवर ओरडणं हे सगळं दहा मिनिटं थांबवता येतं.

मास्क वापरायचा असेल तर तो चेहऱ्याला टेकलेला हवा. बाळ रडतं म्हणून मास्क चार बोटं लांब धरून फवारा चेहऱ्याकडे सोडायचा, हे अगदी सर्रास केलं जातं आणि त्यात औषध जवळजवळ हवेतच जातं. रडणाऱ्या मुलाला दाबून धरून दिलं तरी औषध कमीच पोचतं, रडताना लांब श्वास बाहेर आणि एक छोटा हुंदका आत असं चालतं ना. मग काय करायचं, तर मशीनची ओळख आधी करून द्या, त्रास नसताना. मास्क हातात खेळायला द्या, बाहुलीला लावा, स्वतःला लावून दाखवा, मांडीवर बसवून गोष्ट सांगा. एखादं मूल मशीनच्या आवाजालाच घाबरतं, तर मशीन नळी पुरेल तेवढं लांब ठेवा.

वेळ साधारण ५ ते १० मिनिटं, कधी १५. फवारा तुटक तुटक यायला लागला, फुर्र फुर्र आवाज आला की कपाला टिचकी मारा, भिंतीवरचे थेंब खाली येतात आणि आणखी थोडं जातं. त्यानंतर फवारा थांबला की झालं. तळाशी थोडंसं उरतंच, ते संपवायला अर्धा तास बसू नका आणि पुढच्या वेळेसाठी ठेवू पण नका, ओतून द्या. छोट्या मशीनला सतत चालवायची मर्यादा असते, ती पुस्तिकेत दिलेली असते, घरात दोघांना एकापाठोपाठ द्यायचं असेल तर मध्ये मशीनला थंड होऊ द्या.

औषध झाल्यावर हात थरथरणं, छातीत धडधडणं हे सालब्युटामॉलने होतं, बहुतेक वेळा थोड्या वेळात बसतं. फार धडधडलं, छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर मात्र थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. ब्युडेसोनाईड घेतलं असेल तर चूळ भरून थुंका आणि मास्कने घेतलं असेल तर तोंड पण धुवा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते आणि आवाज बसतो. लहान बाळाच्या तोंडातून ओलं स्वच्छ कापड फिरवलं तरी चालतं. इप्राट्रोपियम डोळ्यात जाऊ द्यायचं नाही, काचबिंदू असणाऱ्याला ते महागात पडतं, अशांना माउथपीसच द्या आणि डोळा दुखला किंवा दिव्याभोवती कडी दिसायला लागली तर लगेच दाखवा. कपातून निघणारा फवारा आजूबाजूच्यांच्या नाकातोंडात पण जातो, त्यामुळे खिडकी उघडी ठेवा, आणि पेशंटला सर्दी ताप असेल तर बाकीच्यांनी दुसऱ्या खोलीत जा. त्या खोलीत सिगारेट, उदबत्ती काही नको हे वेगळं सांगायला नको.

धुणं आणि वाळवणं

इथे जास्तीत जास्त घरं ढेपाळतात, कारण आजारी माणसाला औषध दिलं की सुटलो असं वाटतं आणि कप तसाच नळीला लटकत राहतो. आत उरलेलं औषध, लाळ, ओलावा आणि खोलीची ऊब, जंतूंना आणखी काय पाहिजे.

प्रत्येक वेळी वापरून झाल्यावर सगळं सुटं करा: कप, त्यातला तो छोटा शंकू, माउथपीस किंवा मास्क. कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब घेऊन धुवा, पाण्याने साबण पूर्ण काढा, झटका. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि लगेच केलं तरच दोन मिनिटांचं आहे, वाळून बसलेलं औषध नंतर निघत नाही आणि मग लोक पिन घालून भोक साफ करतात. पिन घालू नका, ते भोक ठराविक मापाचं असतं, मोठं झालं की थेंब मोठे पडतात आणि घशातच राहतात.

नळी धुवायची नाही. तिच्यातून फक्त हवा जाते, धुतली की आतलं पाणी निघत नाही आणि तिथेच बुरशी धरते. आत दव धरल्यासारखं दिसलं तर कप काढून नुसतं मशीन नळीसकट काही मिनिटं चालवा, वाळते. तरीही आत डाग, काळपटपणा दिसला तर नवीन नळी घ्या. मशीन कधीही पाण्याखाली धरायचं नाही, प्लग काढून ओलसर फडक्याने बाहेरून पुसा, बस.

धुणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं. ह्या बाबतीत सगळ्यात कडक नियम सिस्टिक फायब्रोसिसच्या (फुफ्फुसात चिकट कफ साठवणारा जन्मजात आजार) पेशंटसाठी आहेत, कारण त्यांना जंतू अजिबात परवडत नाहीत: प्रत्येक वापरानंतर धुणं आणि त्यानंतर निर्जंतुक करणं. बाकीच्यांनी रोज वापरत असाल तर दिवसातून एकदा तरी करावं असं माझं मत, पण तुमच्या पुस्तिकेत किंवा डॉक्टरांनी जास्त सांगितलं असेल तर ते पाळा. सगळ्यात सोपं म्हणजे उकळणं, भरपूर पाण्यात ५ मिनिटं, आणि भाग तळाला चिकटून वितळणार नाहीत एवढं पाणी हवं. पण आधी पुस्तिकेत बघा की तुमचा कप उकळता येतो का, मशीनबरोबर आलेला साधा पारदर्शक कप आणि मऊ मास्क बरेचदा उकळायचे नसतात, वाकडे होतात. उकळता येत नसेल तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ५ मिनिटं किंवा ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साईडमध्ये ३० मिनिटं पूर्ण बुडवून ठेवायचं, अर्थात प्लास्टिकला ते चालतं असं पुस्तिकेत असेल तर. वर ज्या पेरॉक्साईडला नाही म्हटलं तेच हे, भाग बुडवायला चालतं, श्वासात नाही, म्हणून नंतर निर्जंतुक पाण्याने, तेही नसेल तर ५ मिनिटं उकळून झाकून गार केलेल्या पाण्याने चांगलं खळबळून काढायचं. इथे नळाचं पाणी वापरलंत तर केलेलं सगळं फुकट. अल्कोहोल गॅसपासून लांब ठेवा.

पांढऱ्या व्हिनेगरचं काय, तर बऱ्याच पुस्तिकांमध्ये एक भाग व्हिनेगर तीन भाग पाणी असं दिलेलं असतं. त्याने पांढरा थर निघतो, काही जंतू मरतात, पण सगळे नाहीत, सिस्टिक फायब्रोसिसच्या नियमांत तर त्याला सरळ नाही म्हटलेलं आहे. घरात छातीचा जुना पेशंट किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी असेल तर मी तरी व्हिनेगरवर विसंबणार नाही.

आता वाळवणं. धुतलेला कप ओला असतानाच जोडून डब्यात झाकून ठेवणं म्हणजे सगळी मेहनत पाण्यात, कारण हे जंतू ओलाव्यात वाढतात, आणि कोरड्या प्लास्टिकवर त्यांचं फारसं काही चालत नाही. प्रत्येक भाग सुटा, स्वच्छ पेपर टॉवेलवर, हवेशीर जागी ठेवा, सिंकच्या शेजारी नाही कारण तिथे शिंतोडे उडतात. हात पुसायच्या टॉवेलने पुसायचं नाही. घाई असेल तर कप नळीला लावून मशीन मिनिटभर चालवा, भोकातलं पाणी उडून जातं. पावसाळी दमट हवेत तासन् तास वाळत नाही, आणि औषध तर दर सहा तासांनी द्यायचंय, म्हणून दुसरा कप आणून ठेवा, एक वापरात एक वाळणीवर. पूर्ण वाळल्यावरच स्वच्छ झिप पाउचमध्ये किंवा झाकणाच्या डब्यात.

मेशवाल्याचं थोडं वेगळं. जाळीला बोट, कापसाची काडी, ब्रश काही लावायचं नाही, फाटते. औषध झाल्यावर कपात डिस्टिल्ड पाणी घालून थोडा वेळ चालवायचं, ते पेशंटने श्वासात घ्यायचं नाही, आणि मग पुस्तिकेप्रमाणे भाग काढून वाळवायचे.

एका घरात एक मशीन दोघांनी वापरलं तर ठीक, पण कप, मास्क, माउथपीस ज्याचा त्याचा वेगळा. शेजाऱ्यांना मशीन दिलंत तर फक्त डबा द्या. हवेचा फिल्टर, तो छोटा पांढरा स्पंजसारखा तुकडा, राखाडी दिसला की बदला, धुऊन परत बसवू नका, पुस्तिकेत धुवा असं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. साधे कप थोड्या दिवसांचेच असतात, टिकाऊ कप बहुतेक सहा महिन्यांनी किंवा वर्षाने बदलायचे असतात, पण तडा गेला, पिवळा पडला, किंवा नेहमी आठ मिनिटात संपणारं औषध पंधरा मिनिटं घ्यायला लागलं तर तारखेची वाट बघू नका. फवारा कमी आला की हा क्रम: नळी कुठे सुटली दुमडली का, शंकू आहे का, भोक चोंदलंय का, फिल्टर, आणि मग मशीन.

मशीन बाजूला ठेवून निघायचं कधी

घरात मशीन असल्याचा एक तोटा आहे, माणूस दवाखान्यात जायला उशीर करतो. एक नेब देऊन बघू, अजून एक देऊन बघू असं करत रात्र निघते. औषध देऊनही दम कमी झाला नाही, किंवा चार तास व्हायच्या आत परत द्यावंसं वाटतंय, तर डॉक्टरांना कळवा. एक वाक्य सलग बोलता येत नाही, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, ओठ नखं निळसर, पेशंट गुंगीत किंवा गोंधळलेला, बाळ दूध ओढू शकत नाही, ह्यातलं काहीही दिसलं तर सरळ इमर्जन्सी गाठा, रस्त्यात फवारा चालू ठेवता आला तर उत्तम पण त्यासाठी थांबू नका. ऑक्सिमीटर असेल तर दमेकऱ्याचं ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या खाली जाणं हे धोक्याचं. जुन्या सीओपीडीच्या (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणारा फुफ्फुसाचा आजार) पेशंटचा नेहमीचाच आकडा कमी असू शकतो, तो डॉक्टरांकडून आधीच विचारून मशीनच्या डब्यावर लिहून ठेवा. आणि आकडा चांगला आहे पण माणूस धापा टाकतोय, तर माणसाकडे बघा. घरघर अचानक थांबली आणि माणूस थकून गप्प झाला तर तो आराम नसतो, हवा आत जायची बंद होत आलेली असते.

शेवटचं एक, जे मशीन विकणारा सांगणार नाही. साध्या सर्दी पडशाला नेब्युलायझरचा फार उपयोग नाही, आणि दम्याच्या साध्या मध्यम त्रासात पंप (दाबून घ्यायचा इन्हेलर) आणि स्पेसर (पंपाच्या पुढे लावायची पोकळ नळी) नीट वापरला तर तो नेबइतकाच चालतो. लहान मुलांसाठी मास्कवाला स्पेसर मिळतो, वीज लागत नाही, काम मिनिटभरात होतं, प्रवासात नेता येतं, धुणं वाळवणं पण कमी. ज्यांना पंप दाबणं जमत नाही, फार अशक्त आहेत, किंवा काही ठराविक औषधं फक्त फवाऱ्यातूनच घ्यायची आहेत त्यांना मशीन हवंच. बाकीच्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा की आम्हाला स्पेसर चालेल का, हो म्हणाले तर तिथेच त्यांच्यासमोर एकदा वापरून दाखवा, आणि मशीन असलं तरी लाईट गेल्यावर हाताशी म्हणून पंप स्पेसर जवळ असू द्या.